वाघाच्या मानेवर बर्फ

वाघाने डोळे उघडले तशी मंडपातली पाचेकशे माणसं गप्प झाली. रडणारी लेकरंसुद्धा गप्प झाली, म्हणजे बघा. अचलपूरच्या बाहेर, परतवाड्याच्या रस्त्याला लागून हा मंडप गेले दोन महिने दर रविवारी भरत होता. मंचावर माणसाएवढा पट्टेरी वाघ दोन पायांवर उभा होता. जबड्यातून खोल गुरगुर येत होती आणि डोळ्यांत हिरवा उजेड पेटला होता.

शेजारी माइक धरून वाघंबर महाराज. हे पूर्वी अकोल्याकडे शेतात बोअर कुठे मारावी ते सांगत फिरायचे. पाणी काही लागेना, लोक काठ्या घेऊन मागे लागले, म्हणून महाराजांनी धंदा बदलला होता.

"कुत्रं कोनाले भेते?" महाराज विचारत होते. "वाघाले भेते. मंग कुत्र्याचं इख कोनाले भेईन? वाघालेच. साधा हिशेब आहे, बाप्पा. ह्या राजाच्या डोयात पाहाचं. हिरवा डोया तं सुटका, लाल डोया तं भोग. अन् एकदा राजानं सोडलं का मंग दवाखान्याची सुई नाही घ्याची. घेतली तं इख उलटते. मंग मले येऊन सांगू नोका."

लोकांनी माना डोलावल्या. इतका साधा हिशेब एकाही डॉक्टरने कधी सांगितला नव्हता.

प्रियदर्शनी बायकांच्या बाजूला खांबाशी उभी होती. वाघाचा डावा डोळा उजव्यापेक्षा क्षणभर उशिरा पेटला होता. तो डोळा तिने स्वतःच्या हाताने बसवला होता. त्याच्या वायरीच्या जोडाचं सोल्डर कच्चं राहिलं होतं, पुढच्या आठवड्यात नीट करू म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं.

अमरावतीत ती आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दर शनिवारी तिच्या गच्चीवर दहाबारा माणसं जमतात आणि अंगात घालायची जनावरं बनवतात. अस्वल, रानगवा, सांबर. फोमचं डोकं, फरचं अंग, आत दिवे, बॅटरी, स्पीकर. स्वतःला ते जनावर मंडळ म्हणवतात. शाळांच्या संमेलनात, दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात फिरतात, लेकरांना हसवतात. फर शिवायचं काम मैनाचं. असला हात साऱ्या जिल्ह्यात नाही, असं प्रियदर्शनी सगळ्यांना सांगायची.

वाघ मंडळाचा सगळ्यात देखणा जीव होता. मार्चमध्ये पिंटू तो घेऊन गेला. पिंटू म्हणजे मंडळातला उंच, हौशी गडी. सेमाडोहला पर्यटकांसमोर कार्यक्रम आहे म्हणाला, पण वाघ परत आलाच नाही. फोन केला की पुढच्या आठवड्यात आणतो म्हणायचा.

आणि या मंगळवारी मैनाच्या नऊ वर्षांच्या आरतीला मोकाट कुत्रं चावलं. उजव्या हाताला, चांगले दात रुतले होते. प्रियदर्शनीनेच जखम साबणाने धुतली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. जखमेत औषध टोचलं, पहिली सुई दिली. दुसरी शुक्रवारी होती. शुक्रवारी मैना आली नाही. शनिवारीही नाही. आज सकाळी फोन लागला, मैनाने मंडपाचं ठिकाण सांगितलं, आणि मागून त्यांच्याच वाघाची ही गुरगुर ऐकू आली. प्रियदर्शनी मिळेल ती एसटी पकडून निघाली.

मैना तिला मंडपाच्या कडेला सापडली. आरती मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"सकायीच नंबर लागला, ताई," मैना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. "हिरवा पडला. सुटली माही पोरगी."

"मैना, तो आपला वाघ आहे. त्याची पाठ तू शिवली. डोये म्या बसवले."

"मले का दिसत नाही का? माहा टाका मी वळखते." मैनाने मान खाली घातली. "पन मूर्ती बी कोनीतरी घडवतेच ना, ताई. देव मंग येते तिच्यात."

मी बनवलं, हे सांगितलं की लोकांचे डोळे उघडतील असं तिला एसटीत बसल्या बसल्या वाटलं होतं. इथे तर शिवणारीच हात जोडून बसली होती.

"सुई उद्या बी घेता येते का?" मैनाने हळूच विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नाही. उलटलं तं? एकच लेकरू आहे मले."

अकरा वाजून गेले. मे महिन्याचं ऊन मंडपाच्या पत्र्यावर चढलं. मंचावर एका म्हाताऱ्यापुढे वाघाचे डोळे तांबडे झाले आणि बायका कण्हल्या. त्याच्यानंतर जो आला त्यालाही लाल. त्यानंतरच्यालाही.

"उशिरा येनाऱ्याचं पाप जड," महाराजांनी निकाल दिला. "म्हनूनच सांगतो, दिवस उगवाच्या आंधी लायनीत लागत जा."

मैना फक्त फर शिवायची; लाल डोळे म्हणजे काय, हे त्या मंडपात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक प्रियदर्शनी, आणि दुसरा त्या डोक्याच्या आत होता.

असा पोशाख घातला की आत भट्टी होते. बाहेरचं धड दिसत नाही, हाक मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून मंडळाचा कडक नियम होता: वीस मिनिटांच्या वर डोकं घालून राहायचं नाही आणि सोबत एक राखणदार चालायचा. वाघाच्या मानेशी, माणसाच्या कातडीला टेकेल असा, तापमान मोजणारा मण्याएवढा भाग बसवला होता. एकोणचाळीसच्या वर गेलं की डोळे हिरव्याचे लाल. राखणदाराला लांबूनही कळावं, म्हणून हा इशारा तिने डोळ्यांतच ठेवला होता. दिसायलाही झकास दिसतो, असं तेव्हा पिंटूने म्हटलं होतं.

आता तो इशारा अर्धा तास लाल होता. आतला माणूस शिजत होता आणि बाहेर पाचशे माणसं हात जोडून बसली होती.

ती मंडपाबाहेर गोळेवाल्याकडे गेली. त्याच्याकडून बर्फाचा मोठा तुकडा घेऊन ओढणीत गुंडाळला. परत येऊन तिने मैनाचा हात धरला.

"चाल. तुह्या देवाले आनखी एकदा विचारू. सकायी हिरवा होता ना? मंग आताही हिरवाच पडला पाहिजे."

मैना भीतभीत उठली. रांगेतल्यांनी चावलेला हात पाहून लेकराला पुढे सोडलं. आरती वाघासमोर उभी राहिली. डोळे लालच होते.

मैनाच्या तोंडचं पाणी पळालं. "महाराज, सकायी हिरवा पडला होता हिले."

महाराज क्षणभर अडखळले, पण असली माणसं फार वेळ अडत नाहीत. "सकायपासून काय पाप केलं हिनं?"

"म्या तं झोपून होती," आरती म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं. तेवढ्यात प्रियदर्शनी वाघाच्या मागे गेली आणि मानेची चेन उघडून बर्फ आत दाबला. लाल डोळे मिचमिचले. आधी उजवा हिरवा झाला, मग डावा.

तिने बर्फ काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि वाट पाहिली. डोळे पुन्हा लाल. पुन्हा बर्फ लावला. पुन्हा हिरवे.

"बाटवलं राजाले. धरा इले," महाराज ओरडले. दोन सेवेकरी पुढेही झाले, पण त्याच वेळी राजा गुडघ्यांवर बसला आणि मग आडवाच झाला. प्रियदर्शनीने हनुवटीखालची क्लिप काढून वाघाचं डोकं उचललं. आत पिंटू होता. ओठ पांढरे, डोळे फिरलेले. मैनाने सेवेकऱ्याच्या हातातला तांब्या ओढून त्याच्या डोक्यावर रिकामा केला.

पिंटू भानावर आला. "हिरवं-लाल महाराजानंच काढलं, ताई. म्या फक्त उभा राहाचो. कुत्रं चावलेले लोक येतीन असं नव्हतं सांगतलं."

"अन् आले तवा?"

त्याने तोंड फिरवलं. प्रियदर्शनीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिने ओलं फडकं त्याच्या मानेवर ठेवलं आणि माइक हातात घेतला.

वाघाचं डोकं तिने टेबलावर सर्वांसमोर ठेवलं. आत कोणी नव्हतं, तरी डोळे लालच होते, कारण पत्र्याखालची हवाच तेवढी तापली होती. तिने आतला बारका भाग बोटाने दाखवला, वायर दाखवली, बटण दाबून डोळे विझवले.

"हे डोये म्या बनवले," ती म्हणाली. "त्यायले फक्त आतल्या मानसाचा ताप समजते. तुमची जखम त्यायले दिसत नाही. सकायी थंड असते म्हनून हिरवा, दुपारी तापते म्हनून लाल. कुत्र्याच्या चाव्याले सुई आहे, ती सरकारी दवाखान्यात फुकट भेटते. मधली चुकली असन तं आज जा, ती चालते. पन रोग एकदा अंगात उठला का जगात त्याले औषध नाही. माह्यावरही इस्वास ठेवू नोका. बर्फ घ्या, या, सोता लावून पाहा."

चारपाच जण खरंच आले. त्यांनी बटण चालू केलं, बर्फ लावला, काढला, पुन्हा लावला. या गडबडीत महाराज मोटारसायकलवर बसून निघून गेले. त्यांना अडवायचं कोणाला सुचलं नाही.

मैनाने आरतीला कडेवर घेतलं. एवढी मोठी पोरगी, तरी कडेवर घेतलं. "ताई, जीप पाहा," ती एवढंच म्हणाली.

जीप लागली. हातापायांवर हळदीची पट्टी बांधलेली बारा-तेरा माणसं तिच्यात कोंबून बसली. प्रियदर्शनी चढणार, तेवढ्यात चाळिशीतली एक बाई तिच्या जवळ आली. तिच्यासोबत कोणी नव्हतं.

"ताई, माह्या मालकाले पहिल्याच रविवारी हिरवा पडला होता. मी सुई घेऊ नाही देली. परवापासून पानी समोर धरलं का त्याचा गया आवयते, वारा लागला तरी दचकते. त्याले घरी ठेवून मी इचाराले आली होती महाराजाले. त्याले आता सुई चालन का?"

होय म्हणणं सोपं होतं. प्रियदर्शनीच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण खोटा धीर देण्याचं काम या मंडपात दोन महिने चाललं होतं.

"नाही, माय," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या. त्रास कमी करतीन. पन सुईची येळ गेली."

बाईने मान हलवली. तिने पदर खोचला. जीपमधली माणसं सरकली, तिला जागा केली, आणि मालकाला घ्यायला जीप आधी तिच्या घराकडे वळली.