साहेबरावांनी हार घातलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा. कुरुळीच्या शाळेत माझी बावीस वर्षे गेली. वर्गात मोठा टीव्ही लागला, तेव्हा मला जिन्याखाली टाकले. शिक्षिका सुमनताई निवृत्त होताना मला शाळेकडून मागून घेऊन आल्या आणि त्यांनी मला आपल्या पडवीत टांगले.

जवळच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट सुटली की आठ-दहा परप्रांतीय कामगार ताईंकडे मराठी शिकायला येत. ओडिशाचा वेल्डर बिरंची सर्वांत हौशी. 'ळ' शिकवला तेव्हा तो आनंदाने म्हणाला, "ताई, हा आमच्या भाषेत पण आहे!" ताईंनी त्याच्याकडून माझ्यावर ओडिया ळ लिहून घेतला, मराठी ळच्या शेजारी, आणि ते दोन्ही कधी पुसले नाहीत. दोन्ही अंगावर मिरवताना मला फार बरे वाटले.

गावचे पुढारी साहेबराव एकदा फोटोवाल्याला घेऊन आले. बिरंची त्यांच्याच चाळीत भाड्याने राहत होता. त्यांनी मला झेंडूचा हार घातला. "सुमनताई, मराठीची खरी सेवा तुमी करताय," म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

मग निवडणूक आली. सभेत कोणी पाण्याचे विचारले की साहेबराव गरजत, "हे बाहेरचे आपली भाषा गिळाया निघालेत!" टाळ्या पडत आणि पाणी राहून जाई.

एके दिवशी त्यांच्या प्रचारातली पोरे पडवीत घुसली. एकाने मोबाइल समोर धरला. "बोल, मराठी येती का?"

बिरंची उभा राहिला. "मी मराठी शिकतो आहे."

वाक्य अगदी बरोबर होते. तरी त्याच्या कानाखाली बसली. दुसऱ्याने तळहाताने दोन्ही ळ पुसले आणि माझ्यावर लिहिले, 'मराठी येत नसेल तर चालते व्हा.' माझ्यासोबत त्यांनी फोटोही काढले.

दुसऱ्या दिवशी साहेबराव स्वतः आले. ताई संतापल्या होत्या. "याच फळ्याला तुम्ही हार घातला होता ना?"

"ताई, तुमच्या वर्गानं सभा भरत न्हाई, भांडणानं भरती," ते हलक्या आवाजात म्हणाले. "निवडून आलो की पोरांना समजावतो. आन् बिरंचीला सांगा, खोली सोडू नको."

बिरंचीने माझ्यासमोर बसून पोलिसांसाठी तक्रार लिहिली. दीड पान, सगळे मराठीत. ताईंनी फक्त दोन वेलांट्या सुधारल्या. तक्रारीचे पुढे काही झाले नाही. साहेबराव निवडून आले. बिरंची गाव सोडून गेला, त्याच्यामागून बाकीचेही आले नाहीत.

मित्रांनो, त्याने मराठीत लिहिलेली सर्वांत मोठी गोष्ट ती तक्रार होती. ती मराठीच्या नावाने झालेल्या मारहाणीची होती. मला हार घालणाऱ्याने माझीच भाषा माझ्याविरुद्ध वापरली, हे दुःख पुसले जात नाही. तुम्हाला आपली भाषा प्रिय असेल, तर एवढे करा. तुमच्यासमोर कोणी ती अडखळत बोलू लागला, तर त्याला वाक्य पुरे करू द्या.