पडद्यामागचा पुठ्ठा

मी एक जुना, उभ्या पट्ट्यांचा पडदा आहे. दुकानात मला व्हर्टिकल ब्लाइंड म्हणत. मित्रांनो, स्वभावानं मी संशयी, हे आधीच सांगून टाकतो. बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून लोक मला लावतात. जन्मभर दुसऱ्याच्या नजरेवर नजर ठेवायची म्हटल्यावर मन साफ कसं राहणार?

कारखान्यात माझ्या चौदा पट्ट्या एका मापात कापल्या, खाली वजनं घातली आणि मण्यांच्या बारीक साखळीनं त्या एकमेकींना जोडल्या. तेव्हापासूनच प्रत्येक पट्टीला वाटे, शेजारची मलाच ओढते आहे. मग मला गुंडाळून खोक्यात भरलं आणि मी या घरी आलो. इथे बाबा, आई आणि आजोबा राहतात. आजोबांची खुर्ची खिडकीखाली. पेपर वाचताना सकाळचं ऊन त्यांच्या डोळ्यांवर येई, म्हणून मला आणलं होतं.

“फिटरला बोलवा,” आई म्हणाली.

“चार स्क्रू तर पिळायचेत, त्याला कशाला फिटर?” असं म्हणून बाबा स्टुलावर चढले.

मी सोफ्यावर पडून सगळं बघत होतो. ड्रिल घरघरलं, गिलावा भसाभस खाली आला आणि बाबा “अरेच्चा!” म्हणाले. भोक चांगलंच मोठं झालं होतं. स्क्रूसाठी बसवायची प्लास्टिकची गिट्टी त्यात नुसती गरगर फिरत होती. बाबांनी हळूच आईकडे बघितलं. मग ते स्वयंपाकघरात गेले.

“काडेपेटी कुठंय गं?”

“लायटर आहे की.”

“तू दे तर खरं.”

परत येऊन ते माझ्याकडे पाठ करून बराच वेळ खुडबुडत होते. पाठ करून काम करणाऱ्या माणसाचा मला लगेच संशय येतो. पण त्यांनी मला टांगलं, पट्ट्या झुळझुळल्या, आजोबा म्हणाले, “वा, आता कसं छान वाटतंय!” आणि मी फुशारलो. कौतुक झालं की माझाही संशय झोपी जातो.

दोन वर्षं बरी गेली. मग एकेक पट्टी आकडीतून निसटू लागली. घरात केरफरशीला मावशी येत. त्या रोज सकाळी निसटलेली पट्टी अडकवत आणि हात वर घालून माझ्या डाव्या टोकाशी काहीतरी दाबत. मला वाटलं, झालं! हीच मला खिळखिळं करतेय. एकदा तर त्यांनी पदराआडून काहीतरी काढून माझ्या मागे खुपसलं. माझ्या पाठीमागचं मला दिसत नाही. संशयाला तेवढं पुरलं.

“ताई, पडद्याचं वरचं हलतंय बरं का,” त्या आईला म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा!

आईनं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “बघतो रविवारी.” असे कितीतरी रविवार गेले.

आणि एका सकाळी, मावशी खिडकीची फळी पुसत असताना, मी डाव्या बाजूनं सुटून थेट आजोबांच्या खांद्यावर कोसळलो. आजोबा कळवळले. बाबा धावत आले.

“काय केलंत हे? ओढलंत ना?”

“नाही हो साहेब, मी हात पण नाही लावला.”

“मग काय आपोआप पडला?”

आजोबा म्हणाले, “अरे, मी पेपरात होतो, मला काही दिसलं नाही. पण तिला उगाच बोलू नकोस.” बाबांनी ऐकलं नाही. “उद्यापासून येऊ नका,” ते म्हणाले. मावशींनी फडकं पिळलं, फळीवर नीट वाळत घातलं आणि त्या गेल्या. मित्रांनो, त्यांचा हात लागला नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी मनात म्हटलं, आज नसेल, रोजचं काय? एक गोष्ट मात्र मला खटकली. इतका वेळ बाबांनी एकदाही वर भिंतीकडे बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनीच फिटरला बोलावलं. मला भिंतीला धरून ठेवणारं डावं ब्रॅकेट अजून वर लोंबत होतं, ते त्यानं हातानंच उपटून काढलं. भोकातून काड्या पडल्या. सात. एकीचं गुलसुद्धा शाबूत होतं.

“काडेपेटीवर पडदा टांगलाय होय!” फिटर हसला. मग ब्रॅकेटमागून त्यानं साबणाच्या खोक्याचा, चार घड्या घातलेला पुठ्ठा काढला. “हे कुणी खोचलं? डोकं आहे. यावरच इतके दिवस टिकलाय.”

आई बाबांकडे बघत राहिली. आजोबा हळू म्हणाले, “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस रे. जा, घेऊन ये तिला.” मला जमिनीवर पडल्या पडल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पाठीला इतके दिवस जिनं आधार दिला, तिच्यावरच मी डोळा ठेवून होतो.

बाबा स्वतः गेले. मावशी आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

“मावशी, चूक माझी होती,” बाबा म्हणाले.

“चूक होते हो साहेब, माणूसच आहे. पण पडदा पडल्यावर तुम्ही वर नाही बघितलंत, माझ्याकडे बघितलंत.”

आता मी नव्या गिट्ट्यांवर भक्कम उभा आहे. पट्ट्या पिवळ्या पडल्यात, एकीला चीर गेली आहे, चालायचंच. मित्रांनो, आमच्या साखळीला हिसके देऊ नका, स्क्रू सैल झाला तर रविवारची वाट बघू नका. आणि काही पडलं, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा वर बघा.

मावशी रोज येतात. केर काढतात, फरशी पुसतात, आजोबांना पाणी देतात. खिडकीशी आल्या की हात मागे घेतात. माझी धूळ आता बाबाच पुसतात.