बोट काचेकडं

"पोरीला कशाला बसवता, अण्णा? तुमच्या कानाला काय झालं?" हनुमंतानं डोळे मिचकावत विचारलं.

अण्णांनी त्याच्या ओठांकडं नीट पाहिलं. "म्हाताऱ्याच्या कानात केस उगावल्यात. तिचा कान कोरा हाय."

हनुमंत हसला. धनश्री त्याच्या गाडीत, स्टिअरिंगमागं जाऊन बसली. केडगावात पुणे रस्त्यावरच्या या दुकानात अण्णांनी उभं आयुष्य गाड्यांना स्पीकर बसवले, आणि त्या दणदणाटानंच त्यांचे कान नेले. हे फुटलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. म्हणून कॉलेजात शिकवणारी लेक दर रविवारी 'चहाला' येई आणि गाड्यांत बसे. का बसायचं, ते दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

अण्णा डिकीत वाकले. तिथल्या मोठ्या स्पीकरच्या डब्यानं फक्त जाड आवाज उचलायचा, बाकीचं पुढच्या स्पीकरांना सोडायचं. दोघांतली हद्द एका बारीक स्क्रूवर ठरते. हद्द चुकली की गाणारा जणू मागच्या सीटवर येऊन बसतो. धनश्रीनं गाणं लावलं आणि डोळे मिटून अंगठा खांद्यावरून मागं दाखवला. अण्णांनी स्क्रू केसभर फिरवला. अजून मागंच. पुन्हा केसभर. मग तिचं बोट सरळ समोरच्या काचेकडं गेलं, तसा अण्णांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

"डबा हाय का न्हाई, ते कळलंच न्हाई पायजे," ते हनुमंताला म्हणाले. "तवा बरोबर लागला म्हनायचा."

हाका मारून ते उठत नसत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं रोजच्यासारखा त्यांचा खांदा हलवला. ते उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर हनुमंत घरी आला. डिकीत कांद्याच्या गोण्या टाकताना स्क्रू हलला होता. आता कुणाकडं जावं, असं त्यानं चाचरतच विचारलं. धनश्रीनं किल्ली घेतली आणि दुकान उघडलं.

तिनं त्याला सीटवर बसवलं, स्वतः डिकीत वाकली. "मागनं येतंय... न्हाई, पुढनं. ताई, मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून तो चहा सांगायला गेला.

मग ती एकटीच स्क्रू फिरवी, पुढं येऊन बसे, पुन्हा मागं जाई. कितीतरी फेऱ्यांनी आवाज समोर येऊन उभा राहिला. तिचं बोट आपोआप काचेकडं गेलं आणि तसंच राहिलं. ते बघायला मागं कुणी नव्हतं.

तिनं गाणं बंद केलं. आरशात उघडी डिकी दिसत होती. तिकडं बघत, अण्णांशी बोलताना बोलावं लागे तसं, सावकाश, ओठ नीट उघडून ती म्हणाली,

"मी चहाला नव्हते येत, अण्णा. तुमच्यासाठी येत होते."