देणाऱ्याचा घोट

देऊळघाटच्या पुंजाजींचा काढा प्याला की पायांची सूज उतरते, अशी साऱ्या पंचक्रोशीत ख्याती होती. पण लघवी सुटता सुटता मूत्रपिंडांचं काय होतं, ते कोणी पाहिलं नव्हतं. दोन आठवड्यांनी सोमवारी पुंजाजी तो काढा गावातल्या बायांना फुकट वाटणार होते. त्याआधी उंदरांवर पाहून घ्यायचं, असं त्यांच्या नातीनं, चिखलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मंजुळानं ठरवलं.

आबांनी, म्हणजे पुंजाजींनी, काढा दिला, पण एक रीत सांगितली. "देनाऱ्यानं आधी घोटभर घ्या लागते, पोरी. नाही त काढा पानी दुसरीकडून ओढते."

"उंदराले पाजासाठी मी काऊन पिऊ, आबा? उद्या म्हनसान, त्याच्या पायाबी पड."

तिनं चाखला नाही. सहा पांढऱ्या उंदरांना काढा पाजला, सहांना नुसतं पाणी, आणि पिंजऱ्यांखालच्या नळ्यांत ती लघवी मोजत राहिली. चौथ्या दिवशी काढ्याच्या उंदरांनी प्यालेल्या पाण्याच्या चौपट लघवी केली, आणि वजन मात्र गुंजभरही घटलं नाही. तिनं नळ्या बदलल्या, तराजू तपासला, शेवटी त्यांतले दोन उंदीर फाडले. मूत्रपिंडं फुटाण्यासारखी वाळलेली होती.

आठव्या दिवशी नळ्या पुरेनात, म्हणून उरलेल्या चौघांखाली तिनं तांबे ठेवले. तेही भरले. त्याच सुमारास तिच्या बांगड्या मनगटावरून घसरू लागल्या आणि तहान लागेनाशी झाली. बाजारातल्या काट्यावर ती तीन किलो कमी भरली. तांब्यांतलं पाणीही तेवढंच होतं. योगायोग म्हणून ती हसली. ओठ फाटला, पण रक्त आलं नाही.

रविवारी आबा प्रयोगशाळेत आले. पेलाभर काढा समोर ठेवून त्यांनी सांगितलं, की एक घोट घे आणि काढा निर्धोक आहे असं लिहून दे. कॉलेजच्या मंडळावर आपण आहोत, हेही हळूच आठवून दिलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"घे वं माय. वाळून चालली तू."

"वाळू द्या. बायायले मी हे पिऊ देनार नाही."

तिनं पेला मोरीत ओतला आणि जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबांना सगळं लिहिलं. पत्र नेणारी बुलढाण्याची एसटी सुटायला पाच मिनिटं होती. पाकिटाच्या गोंदावरून तिनं जीभ फिरवली. गोंद कोरडाच राहिला. पुन्हा फिरवली. आबा दारात उभे राहून पाहत होते.

मंजुळानं उंदराखालच्या तांब्यात बोट बुडवलं आणि ते पाणी गोंदावर सावकाश फिरवलं. पाकीट घट्ट चिकटलं.