काजव्यांचं प्रकरण

आमच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कने मान टाकली आणि ताईने पहिला आरोप माझ्यावर ठेवला. घरात काही मोडलं, सांडलं, हरवलं की गुन्हेगार ठरलेला. मीही ऐकून घेणाऱ्यांतला नाही. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. म्हातारपणी दोघंही एकटे उरलो म्हणून एका घरात राहतो आणि भांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही.

पण या वेळी तिचा जीव टांगणीला लागला होता. शाळेत तिने जन्मभर जीवशास्त्र शिकवलं आणि आता मुलांसाठी कीटकांवर पुस्तक लिहीत होती. सहा प्रकरणं प्रकाशकाकडे गेली होती. सातवं, शेवटचं, काजव्यांचं. "लिहून झालंय, नुसतं पाठवायचं राहिलंय," असं ती महिनाभर प्रकाशकाला सांगत होती.

कॉम्प्युटरवाला आला, त्याने नवी डिस्क बसवली. "आता बॅकअपची डिस्क जोडा, तारीख निवडा आणि गप्प बसून राहा. सगळं आपोआप परत येतं," असं सांगून तो पसार झाला. बॅकअप मी दर रविवारी न चुकता घेतो. त्यावरूनही ताई मला हसायची.

मी गेल्या रविवारची तारीख निवडली. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली आणि ताई दारातून डोकवायला लागली.

"आलं का रे?"

"तू असं टक लावून पाहिलंस तर लाजून परत जाईल ते."

दुपार टळली तेव्हा सगळं जागच्या जागी परत आलं होतं. मी ऐटीत 'प्रकरण सात' उघडलं. आत रातकिडे होते.

रातकिडे म्हणजे सहावं प्रकरण. फायलींची अदलाबदल झाली असेल म्हणून 'प्रकरण सहा' उघडलं. तिथेही रातकिडेच. मग काजवे गेले कुठे? मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"काका, बॅकअपमध्ये असतं तेच परत येतं. मनाचं काही घालत नाही तो."

"मग माझे काजवे कुठे गेले?"

"कसले काजवे?" तो म्हणाला आणि घाईत असल्याचं सांगून त्याने फोन ठेवला.

मी त्याच्या आधीच्या रविवारची तारीख निवडली. रातकिडे. त्याच्या आधीची. पुन्हा रातकिडे. पाच तारखा पालथ्या घातल्या आणि माझं डोकं भणभणायला लागलं. महिनाभर ताई दार लोटून टाइप करत होती, ते तर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मधूनच वैतागून म्हणायची, "छे, नाही जमलं. पुसून टाकलं सगळं." मग परत टकटक सुरू व्हायची. एवढं लिहिलेलं जाईल कुठे?

मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात घालवली आहे. काही सुचेनासं झालं की दोन प्रती शेजारीशेजारी ठेवायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचायचं, एवढंच मला येतं. तेच केलं. एका तारखेच्या प्रतीत होतं, "रातकिड्याचे कान डोक्यावर नसतात, पुढच्या पायांवर असतात." दुसऱ्या तारखेच्या प्रतीत, "रातकिडा ऐकतो तो चक्क पायांनी!" तिसरीत आणखी निराळं. यंत्र फायली उलटसुलट करील, अक्षरं गिळील, पण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगणार नाही. आणि पाचही प्रतींची सुरुवात अशी होती: "या पाहुण्याची नि आपली आज पहिलीच भेट."

नवी डिस्क खराब निघू दे, बॅकअप नासलेला निघू दे, कॉम्प्युटरवाला लबाड निघू दे, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी उगाचच वायर काढून परत लावली.

तेवढ्यात ताई आत आली. चष्मा सावरून वाकली आणि वाचायला लागली.

"अरे, हे तर रातकिडे! माझे काजवे कुठे? काय घोळ घालून ठेवलास?"

"चुकलो," मी म्हणालो. "बॅकअप घेताना माझ्याच हातून काहीतरी झालं असणार."

ती वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे वळून पाहत राहिली. दूध उतू गेलं तर गॅसला दोष देणारा माणूस मी. तिच्यापुढे 'चुकलो' हा शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता. तिचा चेहरा उतरला.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली. "किती वेळा लिहिलंय मी हे?"

"दोनदा."

"तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं."

मला तिच्याकडे बघवेना. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, ती पुरती लागेपर्यंत ताई बघत राहिली. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि माझ्या शेजारी मांडून बसली.

"नवी फाइल उघड. काजव्यांचं मी तोंडाने सांगते, तू टाइप कर," ती म्हणाली. "आणि मी रातकिड्यांकडे वळले, की मला थांबव."