दोघींच्या मधली काच

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे, खिडकीच्या काचेला चिकटवतात ती. आता मात्र चुरगळून अंगणाच्या कोपऱ्यात पडले आहे.

कारखान्यात दोन जातींचे प्लास्टिक वितळवून, त्यांचे शेकडो थर एकावर एक देऊन, ताणून ताणून मला कागदाहून पातळ केले. माझे थर थोडा उजेड परतवतात, थोडा पुढे जाऊ देतात. त्यामुळे भर उन्हातून पाहणाऱ्याला मी आरसा वाटते आणि सावलीतून पाहणाऱ्याला साधी काच.

एका आजींच्या खोलीसाठी त्यांच्या लेकीने मला आणले. आजींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. आता गुडघे गेले होते. खिडकी रस्त्यालगत, तळमजल्यावर. ऊन थेट पलंगावर यायचे, येणारे-जाणारे आत डोकावायचे. मी आले आणि खोली गार झाली. आजी दिवसभर रस्ता बघत बसू लागल्या. कोणाच्या सदऱ्याचा खांदा उतरला आहे, कोणाची शिवण उसवली आहे, हे लेकीला संध्याकाळी हसून सांगत. माझे फार कौतुक झाले.

रस्त्यावरची माणसेही मला वापरू लागली. पोस्टमन टोपी नीट करी, मुली वेण्या बघत. शेजारीण पूर्वी खिडकीतून हाक मारून दोन शब्द बोलायची. मी आल्यापासून तिला आजी दिसेनात, आणि हळूहळू हाकही थांबली.

एका दुपारी आजींना अर्धांगाचा झटका आला. त्या पलंगावरून पडल्या. जीभ जड झाली, शब्द फुटेना. दार लांब होते आणि दिव्याचे बटण उंचावर; आत दिवा लागला असता तर त्या बाहेरून अंधुक तरी दिसल्या असत्या. फरफटत त्या खिडकीशी आल्या आणि डावा तळवा त्यांनी माझ्यावर टेकवला. काच वाजवण्याइतके बळ त्यात नव्हते.

तेवढ्यात रस्त्यावरून शेजारीण आली. माझ्यासमोर थांबली. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर होते. तिने केस सारखे केले, पदराची पिन पुन्हा लावली आणि ती निघून गेली. आजी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात माझ्यावरून हळूहळू खाली घसरला.

लेक कामावरून आली तेव्हा सगळे संपले होते. काचेवर आतून बोटांचे खाली घसरलेले ठसे उमटले होते. ते पाहून शेजारीण मटकन खाली बसली.

“मी इथंच उभी होते गं,” ती म्हणाली. “मला फक्त मीच दिसले.”

दहाव्या दिवशी लेकीने ब्लेडने मला खरवडून काढले. तिच्या बोटातून रक्त आले, तरी ती थांबली नाही. भंगारवाल्यानेही मला घेतले नाही. माझे थर वेगळे होत नाहीत, म्हणाला.

मित्रांनो, मला जपा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्या घरात म्हातारे माणूस एकटे असेल, त्या घराची कडी वाजवा. उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका. त्या दुपारी मला दोघी दिसत होत्या, आणि मला हाक मारता येत नव्हती.