वाकळीच्या पोटातली साडी

सगळे धावदोरे घालून झाले होते. आता उरला होता काठ आणि चार कोपरे. दीड हात लांब, हातभर रुंद अशी ती वाकळ, जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी. तीन महिन्यांच्या पोरीला तेवढी पुरे. दुपारी पोरीची दुसरी आजी, शालूबाई, तिला चंदगडला न्यायला येणार होती.

बनाबाईची लेक निशिगंधा बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिची पोर राजारामपुरीतल्या खोलीत बनाबाईजवळच होती. आता पोर बापाच्या घरी जायची, याबद्दल बनाबाईचं काही म्हणणं नव्हतं. आईचं म्हणून काहीतरी तिच्या अंगावर राहावं, एवढाच तिचा हट्ट. म्हणून निशिगंधाच्या डोहाळजेवणाची हिरवी साडी फाडून तिनं वाकळीच्या पोटात घातली होती.

बाळंतपणात गेलेल्या बाईचं कापड तिच्या लेकराला घालत नाहीत. आई ओढून नेते म्हणतात. शेजारच्या आक्कानं ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. बनाबाई तिला म्हणाली, आई कशाला ओढून नेईल, ती तर पांघरूण घालील. पण वर एकही हिरवं ठिगळ तिनं दिसू दिलं नव्हतं.

काठ ठरवण्यात सकाळ गेली. त्याच साडीचा जरीचा काठ उरला होता. तो लावला असता तर वाकळ उजळली असती. पण ती साडी शालूबाईनंच आणलेली. तिनं लांबून ओळखली असती. शेवटी दृष्ट लागू नये म्हणून लाल काठ लावला आणि कोपऱ्यांना पिवळी तिकोनी ठिगळं.

शालूबाई आली. जावई आदर्श रिक्षा थांबवून दारात उभा राहिला. शालूबाईचा जन्म वाकळा शिवण्यात गेलेला. तिनं वरची ठिगळं पाहिलीच नाहीत. वाकळ उलटी केली, टाक्यांवरनं बोट फिरवलं. एका टाक्यात आतला हिरवा धागा ओढून वर आला होता.

"इहीणबाई, पोटात काय घातलंय?"

बनाबाईला खोटं सांगता आलं असतं. पण जीभ वळेना.

"तिचीच हाय. तुम्ही आणल्याली."

आदर्श दारातनं बाहेर गेला. शालूबाईनं वाकळीची घडी केली. मग खाली बसली.

"पोर माझ्या कुशीत निजणार. तिकडं पाऊस कसा असतोय तुम्हाला ठाव हाय. ती नुसती शिंकली तरी मला ही साडी आठवंल. आसं भ्या घिऊन मी तिला कशी वाढवू, तुम्हीच सांगा."

यावर भांडता आलं असतं. बनाबाईनं पोरीकडं पाहिलं आणि ब्लेड घेतलं.

वाकळीचा एक थर असा ओढून निघत नाही. धावदोरा सगळ्या थरांतनं जातो. सगळीच उसवावी लागते. दोन वाजताची एस.टी. गेली. दोघी समोरासमोर बसून टाके कापत होत्या. हिरवं कापड सुटलं तेव्हा त्याला ओळीनं भोकं पडलेली. बनाबाईनं घडी घालून ते मांडीखाली ठेवलं. आता वाकळ पातळ झाली. शालूबाईनं पिशवीतनं आपलं जुनं सुती लुगडं काढलं आणि म्हणाली, "हे घाला. जित्या माणसाचं हाय."

दोघी दोन कडांनी शिवत मधे आल्या. टाके मोठे पडले, बनाबाईच्या हातचे वाटेनात. पाचच्या गाडीची वेळ झाली. शालूबाईनं पोरीला वाकळीत गुंडाळलं. पोर रडली नाही, लाल काठ तोंडात घालायला लागली.

रिक्षात बसताना शालूबाई थांबली. थोरली झाली की हिला तुमचं काय सांगू, असं तिनं विचारलं.

सांगण्यासारखं फार होतं. बनाबाईनं पोरीच्या पायावरची वाकळ सारखी केली.

"वाकळ सावलीत वाळवा म्हणावं," ती म्हणाली. "उन्हात रंग जातोय."